डाव्या नळीचा खोडसाळपणा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मोठ्या साहेबांनी भरलेल्या लॅबमध्ये मला म्हटलं, "बाई, दुसरा डोळा उघडा." म्हणून ही वही. तोंडी बोललेलं लोक सोयीस्कर विसरतात. मी विसरत नाही, पण चिडले की क्रम चुकतो. वही कोणालाही दाखवायची नाही.

घडलं ते असं. माझा जुना मायक्रोस्कोप, एका नळीचा, साहेबांनी मला न विचारता माळ्यावर टाकला आणि त्या जागी दोन नळ्यांचा आणून ठेवला. माझं आयुष्य एका नळीवर गेलं. उजवा डोळा लेन्सला, डावा घट्ट मिटलेला. या हॉस्पिटलात आलेल्या निम्म्या लोकांचं रक्त माझ्या उजव्या डोळ्याखालून गेलेलं आहे. डाव्याची कधी कोणाला गरज पडली नाही. पण नवीन यंत्र म्हटलं की साहेबांच्या अंगात येतं.

सवयीने उजवा लावला, डावा मिटला. त्यावर ते वाक्य. घुबड हसलं.

घुबड म्हणजे माझी ज्युनियर. मोठा गोल चष्मा, मान गर्रकन फिरते, दिवसभर बोलत नाही. नाव ठेवताना मी अन्याय केलेला नाही.

निश्चय: आठवड्याच्या आत साहेबांना गप्प करणे. यात शिकण्यासारखं काही नसावं. डोळे दोन, नळ्या दोन.

५ फेब्रुवारी

दोन्ही डोळे उघडले. दोन गोल दिसले. एक इकडे, एक तिकडे, आणि मधे जिथे ते एकमेकांवर चढतात तिथे पेशींची चेंगराचेंगरी. डावा मिटला की लगेच शिस्त. उघडला की पुन्हा बाजार.

निदान: डावी नळी बिघडलेली आहे. कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीने विचारलं, "मॅम, आधी कधी वापरलाय का असा?" मी तिला माझी नोकरी किती जुनी आहे ते सांगितलं. उद्या माणूस पाठवते म्हणाली.

६ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला. चेहरा परातीएवढा, दोन डोळ्यांत इतकं अंतर की एका वेळी दोन दारांवर पहारा देऊ शकेल. बसला, दोन्ही नळ्या धरून एकमेकींपासून खट्कन लांब केल्या, म्हणाला, "फर्स्ट क्लास. एकच गोल." म्हणजे यंत्र त्याला वश आहे.

मग मला शिकवायला लागला. मॅडम, या नळ्या जवळ-लांब होतात, तुम्ही तुमच्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्या. मी त्याला समज दिली. यंत्र डोळ्यांप्रमाणे लावायचं नसतं, डोळे यंत्राप्रमाणे लावायचे असतात. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं असायचं, बसवलेल्या यंत्राला हात लावू नये. तो "बरं मॅडम" म्हणाला, चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली आणि गेला.

दुपारी डोळ्यांदेखत अनर्थ. घुबड बसलं, दोन्ही नळ्या धरल्या आणि सरळ जवळ दाबल्या. कंपनीच्या माणसाने लावलेल्या! मग आरामात स्लाईड बघत राहिलं, वर गुणगुणत होतं.

बिघाडाचं मूळ सापडलं. टायवाल्याच्या वेळची जागा मला आठवत होती. नळ्या तितक्याच लांब केल्या, वरून चिकटपट्टी आडवी ताणून लावली, पट्टीवर लाल पेनने लिहिलं: हात लावू नये.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. मार्चच्या सुरुवातीला बाहेरच्या संस्थेकडून तपासणीच्या स्लाईड येणार. त्या माझ्याकडून नव्या मायक्रोस्कोपवर, साहेबांच्या समोर वाचून घेणार. संस्थेच्या उत्तराशी जुळल्या तर खिडकीजवळचं टेबल आणि रिपोर्टवरची शेवटची सही माझ्याकडे. नाही जुळल्या तर ते सगळं घुबडाकडे, आणि मी नमुने घ्यायच्या खिडकीवर. म्हणजे दिवसभर लोकांच्या हातून बाटल्या घ्यायच्या आणि "नाव काय, वय काय" विचारायचं.

मी म्हटलं, जुळतील. साहेब म्हणाले, "बाई, घाबरू नका हं." मी घाबरलेली आहे असं त्यांना कुठे दिसलं, देव जाणे. त्यांना दोन्ही डोळ्यांनीही धड दिसत नसावं.

सल्ला दिला: डोळे सैल सोडा, लांब बघतोय असं समजा, लेन्सला डोळे चिकटवू नका, जरा मागे बसा.

मी आजवर काहीही सैल सोडलेलं नाही. घरात नाही, लॅबमध्ये नाही. डोळ्यांपासून सुरुवात कशाला करू?

१२ फेब्रुवारी

तरी प्रयत्न केला. लांब बघण्याचा सराव, बाल्कनीत. समोरच्या इमारतीवर दोन्ही डोळे सैल सोडून उभी राहिले. तिथल्या बाईने आधी हात हलवला, मग पडदा ओढून घेतला.

यांनी (म्हणजे नवऱ्याने, निवृत्त, आयुष्यभर एका कार्यालयात नकाशे काढले, आता माझ्यावर लक्ष ठेवतात) विचारलं, "अगं, कोणावर वटारतेयस?" मी म्हटलं, सैल सोडलेत. हे म्हणाले, "हे सैल असतील तर घट्ट केव्हा करतेस ते आधी सांगत जा. मी आत जाईन."

डोकं दुखतंय, कपाळाच्या डाव्या बाजूला. डाव्या नळीची बाजू. योगायोग नाही.

१५ फेब्रुवारी

चिकटपट्टीची कड सुटलेली. घुबड सोडतं आणि पुन्हा लावतं. विचारलं तर म्हणे, "मॅडम, तुमचं झालं की मी माझ्यासाठी लावते, मग परत ठेवते." कबुलीजबाब, आणि चेहऱ्यावर लाज नाही. नवी पट्टी लावली, दुहेरी. बजावलं की मला जे सोसतं ते तिलाही सोसलं पाहिजे.

घुबड म्हणालं, "पण मॅडम, तुम्हाला तरी कुठे सोसतंय?"

हे वाक्य उद्धट आहे म्हणून नोंदवते. दुसरं काही कारण नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठा दिवस! सावकाश लिहिते.

सकाळच्या पहिल्या स्लाईडमध्ये काळं, वाकडं, टोकाला निमुळतं काहीतरी दिसलं. पेशींपेक्षा कितीतरी लांब. हललं! दुसरी स्लाईड लावली. तिच्यातही. तिसरीतही. तीन वेगळे पेशंट, ओळख ना पाळख, आणि तिघांच्या रक्तात एकच किडा. साथ असणार. पुस्तकात असा किडा नाही, मी घरी जाऊन जुनी पुस्तकं बघितली आहेत, म्हणजे हा कोणी पाहिलेलाच नाही.

घुबडाला सांगितलं नाही, श्रेय वाटलं जातं. थेट साहेबांकडे. साहेब वॉर्डातली राउंड सोडून धावत आले. बघितलं. "इथे काहीच नाही," म्हणाले. मी बसले, आहे की! मी त्यांना दाखवलं, हे बघा, मी डोळा मिचकावला की पळतो. प्रकाशाला घाबरतो.

साहेब माझ्या चेहऱ्याजवळ वाकले. मग म्हणाले, "बाई, ती तुमची पापणी आहे."

मग पापणीचे केस लेन्सवर टेकतात, म्हणून मागे बसा म्हणत होतो, वगैरे. ऐकलं नाही पूर्ण. घुबड तोंडावर रुमाल धरून बाहेर गेलं आणि बाहेरून येणारा आवाज सर्दीचा नव्हता.

माझ्या पापण्या कॉलेजात असताना सगळ्यांच्या डोळ्यांत भरायच्या. यंत्राने त्या सोसायला हव्या होत्या.

१८ फेब्रुवारी

रजा. सर्दी.

२० फेब्रुवारी

उपाय सापडला. इतका साधा की कंपनीने तो आधीच द्यायला हवा होता. डावी नळी खोडसाळ आहे, तर तिचं तोंड बंद करायचं. काळ्या जाड कागदाची चकती कापून आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आत बसवायची. वरून दिसत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, डाव्याला अंधार, उजव्याला पेशी. साहेबांचा हट्ट पुरा, माझं काम पुरं.

कागद घरी मिळाला, जुन्या फोटोंच्या अल्बमची पानं काळी असतात. शेवटचं पान रिकामंच होतं. यांच्या पेटीतला कंपास घेतला. पहिल्या चकत्या मोठ्या झाल्या, मग लहान, मग नेमकी. उरलेल्या राखून ठेवल्या.

सकाळी साहेब मागून गेले, दोन्ही डोळे उघडे बघून म्हणाले, "शाब्बास बाई! जमलं की." मी नुसती मान हलवली. जमणारच होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हातावेगळं झालेलं काम बघून मन निवतं. रोज मी उठताना चकती काढते, सकाळी घालते. डोकेदुखी कमी. घुबडाला एक-दोनदा डोळे उघडे ठेवण्याबद्दल सूचना केल्या. शिकण्याची इच्छा असली की सगळं येतं, असं म्हटलं. ते माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघत होतं.

घरी यांना अल्बममधली भोकं सापडली. पान उजेडाला धरून माझ्याकडे आणलं. मी म्हटलं, झुरळं. हे म्हणाले, "झुरळाने कंपास वापरलेला दिसतोय. कडेला पेन्सिलीची गोल रेघसुद्धा आहे." मी म्हटलं, झुरळ खायला तिथूनच सुरुवात करत असेल. हे "असेल" म्हणाले आणि औषध आणायला गेले. निवृत्त माणसाला उद्योग लागतो.

२४ फेब्रुवारी

शनिवारी घाईत चकती काढायची राहिली होती. आज माझ्या आधी घुबड बसलं आणि ओरडलं, "डावी बाजू गेली!" साहेब आले, टायवाल्याला बोलावलं. त्याने आयपीस काढला, उलटा केला, आपटला. चकती साहेबांच्या हातावर पडली.

अशा वेळी ज्येष्ठ माणसाने पुढे व्हायचं असतं. मी म्हटलं, हा सरळ सरळ खोडसाळपणा आहे, तपासणी तोंडावर असताना कोणीतरी मुद्दाम केलेला आहे, याची कडक चौकशी झाली पाहिजे. साहेब म्हणाले, "अगदी बरोबर. चौकशी तुम्हीच करा, बाई." घुबडाची मान गर्रकन फिरली.

चकती पुरावा म्हणून साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवली आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

चौकशी चालू. घुबडाला उभं करून प्रश्न विचारले. शनिवारी शेवटी कोण बसलं होतं? घुबड: तुम्ही, मॅडम. सोमवारी पहिल्यांदा कोण बसलं? घुबड: मी. म्हणजे संशय कोणावर? घुबड: तुम्ही सांगा, मॅडम. मी नुसती दुर्बीण लावणारी. मी म्हटलं, याला दुर्बीण म्हणत नाहीत. ते म्हणालं, "हो, दुर्बिणीत लांबचं दिसतं. यात जवळचं."

उर्मट. चौकशीच्या अहवालात लिहिलं: संशयिताची वागणूक असमाधानकारक. चकती सफाईने कापलेली आहे, करणाऱ्याचा हात स्थिर असावा, असंही लिहिलं. खरं ते खरं.

दरम्यान चकतीविना काम. दोन गोल. बाजार.

२८ फेब्रुवारी

आज हे लॅबमध्ये आले. कधी येत नाहीत. मी जवळचा चष्मा विसरले होते तो द्यायला. घरी राहिले असते तर काय बिघडलं असतं? चष्मा मी लिहायला वापरते, लेन्सला नाही.

साहेबांच्या खोलीत बसवलं, चहा दिला. हे टेबलावरच्या काचेकडे वाकले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा! आमच्या अल्बमचं पान इथे कसं? अगं, झुरळ इथपर्यंत आलं?"

मग मधलं छिद्र दाखवलं. मग कंपास कसला आहे ते सांगितलं. जर्मन बनावटीचा, नकाशाच्या कामाचा. कोणी विचारलं नव्हतं.

साहेबांनी यांच्यासाठी आणखी एक चहा मागवला. दारात घुबड होतं. ते बोललं नाही, आणि पहिल्यांदाच मला ते बोललं असतं तर बरं, असं वाटलं.

घरी येताना मी यांच्या पुढून चालले. मागून हे म्हणाले, "मला सांगायचं होतंस. मी नीट कापून दिली असती."

चौकशी बंद. पुराव्याअभावी.

३ मार्च, सोमवार

तपासणी.

साहेब शेजारी. त्यांनी स्वतः डावा आयपीस काढून, आत बघून, पुसून पुन्हा बसवला. अविश्वास. चिकटपट्टीला हात लावत होते, मी अडवलं: ऐन वेळी यंत्र हलवून मला नापास करायचं आहे का? साहेबांनी हात मागे घेतला. "तुमची मर्जी. पण डावा डोळा मिटायचा नाही." घुबड पलीकडच्या टेबलावर बसून माझ्यासोबत त्याच तुकडीच्या दुसऱ्या स्लाईड वाचत होतं, वेळ गेली म्हणून माळ्यावर टाकलेल्या माझ्याच जुन्या मायक्रोस्कोपवर! एका डोळ्याने! तेही त्याला येतं.

मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. डोळ्यांतून पाणी आलं, पण मिटले नाहीत. दोन गोल होते, दोन्ही प्रामाणिकपणे मोजले. एकही प्लेटलेट सोडली नाही.

दुपारी उत्तरांचा लिफाफा फोडला. प्लेटलेट्स मी दुप्पट लिहिल्या होत्या. प्रत्येक स्लाईडला दुप्पट. कुठेही कमी-जास्त नाही, नेमक्या दुप्पट. माझ्या मते यातून माझी शिस्तच दिसते, आणि तसं मी म्हणूनही दाखवलं.

साहेब रागावले नाहीत. खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, या स्लाईड संस्थेच्या आहेत म्हणून बरं. पेशंटच्या असत्या, तर प्लेटलेट्स घसरलेल्या माणसाला आपण 'छान आहेत' म्हणून घरी पाठवलं असतं. रात्रीत रक्तस्राव होऊन गेला असता."

मी लिफाफ्यातले आकडे पुन्हा एकदा बघितले.

संध्याकाळी थांबून, चकती सापडली त्या सोमवारपासूनच्या माझ्या सहीच्या सगळ्या स्लाईड घुबडाकडून पुन्हा बघून घेतल्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं. प्लेटलेट्सचे दोन रिपोर्ट बदलले, दोन्ही पेशंट अजून वॉर्डातच होते. घुबडाने मला चहा आणून दिला. साखर जास्त होती.

५ मार्च

नमुन्यांच्या खिडकीवर जाण्याचा निर्णय मी स्वतः घेतला, असं साहेबांना कळवलं. त्यांचा आदेश त्याआधी आला होता, पण मी मनात आधीच ठरवलं होतं. लोकांना शिस्तीत उभं करायला तिथे कोणीतरी हवंच होतं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं. माणसं दिसतील." माणसं मला आजवर काही कमी दिसलेली नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

ताबा देण्याचा दिवस. प्रत्येक वस्तू चालू आहे हे दाखवून द्यायचं, अशी माझीच पद्धत. घुबड म्हणालं, "मॅडम, नळ्या सरकतात का, तेही दाखवा." त्यासाठी चिकटपट्टी काढावी लागली. तीन थर निघाले. मी लावताना इतके नव्हते, असं मला वाटतं.

लेन्समधून बघत नळ्या लांब केल्या. सरकतात. मग जवळ आणल्या. आता नापास होण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मागे टेकून, घाई न करता, सावकाश जवळ आणल्या. दोन गोल एकमेकांकडे आले. थोडे चढले. आणखी थोडे. आणि एक झाले.

एकच गोल. मोठा. पेशी सुट्या सुट्या, प्रत्येकीला आपापली कड, मधे उजेड. गर्दी नाही. डाव्या डोळ्याने मी आज पहिल्यांदा रक्त पाहिलं.

किती वेळ बसले माहीत नाही. घुबड म्हणालं, "मॅडम, दिसतंय का?" मी म्हटलं, यंत्र दुरुस्त झालेलं आहे. चिकटपट्टी काढल्याबरोबर सुधारलं, म्हणजे दोष पट्टीचाच होता. ती कोणी लावली, याची आता तू चौकशी कर.

घुबड म्हणालं, "करते, मॅडम."

मी उठल्यावर त्याने नळ्या आपल्यासाठी सरकवल्या नाहीत. मी घरी निघेपर्यंत तशाच ठेवल्या होत्या.

ताब्यात दिलं ते असं:

मायक्रोस्कोप, दोन नळ्यांचा, चालू स्थितीत. त्यावरचं धुळीचं कापड, धुतलेलं. लेन्सवर घालायच्या तेलाची बाटली, अर्धी. लाल पेन. चिकटपट्टीचं उरलेलं रीळ. काळ्या चकत्या, न वापरलेल्या. घुबड नको म्हणत होतं, मी घ्यायला लावल्या. टेबलाच्या खणाची किल्ली. खिडकीजवळची खुर्ची, त्यावरच्या उशीसह. उशी माझी, घरून आणलेली. पण घुबड उंचीने कमी आहे आणि उशीशिवाय त्याची मान अवघडेल. राहू दे तिथेच.